उसने गाव

नक्कल करणाऱ्याला हसणे हा मनुष्याच्या निरुपद्रवी मानल्या गेलेल्या आनंदांपैकी एक आहे. तो खरोखर तितका निरुपद्रवी असतो काय, हा प्रश्न मला शांघायजवळच्या एका तळ्याकाठी पडला. तो ज्या प्रसंगातून उद्भवला तो प्रसंगच आधी सांगतो.

शांघायच्या मध्यभागापासून सुमारे तीस किलोमीटरवर, नैर्ऋत्येस, सोंगच्यांग नावाचा भाग आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त शांघायला असतो. इंदूरहून मी त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी तो मला तेथे घेऊन गेला. नवव्या क्रमांकाच्या मेट्रोतून उतरून मोटारीने थोडे पुढे गेल्यावर चीन अकस्मात संपला. तांबड्या विटांची घरे, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या, फरसबंद गल्ल्या, कोपऱ्यावर लाल टेलिफोनची पेटी, आणि हिरवळीच्या मधोमध उंच निमुळत्या मनोऱ्याचे एक चर्च. बाजूला संथ पाण्याचे तळे. त्याचे नाव तेवढे चिनी, हुआतिंग. गावाचे नाव थेम्स टाउन.

मोठ्या शहराची दाटी कमी व्हावी म्हणून शांघायच्या नगरपालिकेने २००१ साली मूळ शहराभोवती नवी नगरे वसविण्याची योजना आखली. त्यांतील कित्येकांना एकेका युरोपीय देशाचा वेष द्यावयाचे ठरले. अंतिंगला जर्मन, फूच्यांगला इटालियन, आणि सोंगच्यांगच्या वाट्याला इंग्रज. आराखडा अ‍ॅटकिन्स या ब्रिटिश कंपनीने केला आणि २००६ मध्ये सुमारे एक चौरस किलोमीटरचे, दहा हजार वस्तीसाठी योजलेले हे गाव बांधून झाले. घरे खपली, माणसे मात्र आली नाहीत. पुष्कळांनी ती राहण्यासाठी नव्हे, भाव वाढेल या हिशेबाने घेतली होती, आणि कित्येक वर्षे येथील खिडक्यांत संध्याकाळी दिवा दिसत नसे. गर्दी होई ती नवरानवरींची. विवाहाची छायाचित्रे काढवून घेण्यासाठी या स्थळाची कीर्ती झाली. आम्ही गेलो त्या दिवशीही चर्चसमोर दहाबारा जोडपी रांग धरून उभी होती. एका वधूने पायघोळ पांढरा झगा थोडा उचलला, तेव्हा त्याखाली धावण्याचे बूट दिसले.

मी हसलो. चौकात चर्चिलचा पुतळा पाहिल्यावर तर हसू आवरेना. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ज्याने ऐकला आहे, अशा माझ्यासारख्याच्या हसण्यात थोडे विष असणे स्वाभाविक होते. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, आपल्या लालबागेचे फाटक विसरलात वाटतं?"

मी गप्प झालो. इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाबरहुकूम विलायतेत ओतवून जहाजाने आणलेले आहे. बालपणी वडिलांनी मला ते दाखविले होते, आणि दाखविताना त्यांच्या स्वरात जो अभिमान होता तो मी अजून विसरलो नाही. सोंगच्यांगच्या चर्चला हसण्याचा अधिकार त्या फाटकाखालून शाळेला गेलेल्या मुलाला कोठून प्राप्त झाला?

मग प्रश्न निराळाच होऊन बसतो. अनुकरण हा दोष असेल तर त्यातून सुटलेला कोण आहे? हे चर्च ब्रिस्टल येथील क्लिफ्टनच्या क्राइस्ट चर्चवरून बेतलेले आहे असे सांगतात. पण ते मूळ चर्च तरी १८४१ चे, आणि त्याचा घाट तेराव्या शतकातील गॉथिक बांधणीचा! व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्रजाने आपल्याच पूर्वजांची नक्कल केली होती आणि चिनी कारागिराने त्या नकलेची नक्कल केली. त्याही मागे जाऊ. १७६२ साली लंडनजवळ क्यू येथील राजोद्यानात विल्यम चेंबर्सने एक चिनी पॅगोडा उभारला. पॅगोड्याचे मजले विषम संख्येचे असावेत असा चीनमधील रिवाज. चेंबर्सने दहा मजले बांधले. चिन्यांनी त्याला हसल्याचे ऐकिवात नाही. आज तो पॅगोडा इंग्लंडचा वारसा म्हणून जपला जातो. अडीचशे वर्षे टिकून राहिले तर थेम्स टाउनही सोंगच्यांगचा वारसा ठरणार नाही कशावरून?

योगायोग असा की, अनुकरणाचे शास्त्र रचणारा एक मोठा माणूस याच मातीतला. दोंग छीछांग (१५५५–१६३६) हा चित्रकार आणि कलामीमांसक या हुआतिंगचाच. माणूस म्हणून तो फारसा सज्जन नसावा. त्याच्या घरच्यांच्या जुलमाला कंटाळून १६१६ मध्ये गावकऱ्यांनी त्याचे घर जाळले. पण कलेविषयी त्याचे म्हणणे खोल होते. प्राचीन गुरूंचे अनुकरण केल्यावाचून कोणी स्वतःपर्यंत पोहोचत नाही, आणि अनुकरण करावयाचे ते बाह्य रूपाचे नव्हे, त्यामागील चैतन्याचे, अशी त्याची धारणा. त्याच्या अनेक चित्रांवर त्याच्याच हाताने लिहिलेले असते की, हे अमक्या गुरूच्या पद्धतीने काढले आहे. या लेखनाचे मला फार महत्त्व वाटते. त्या एका ओळीने नक्कल चोरीपासून वेगळी होते. घेतले हे तो लपवीत नाही, आणि कोणाकडून घेतले तेही सांगतो.

आपल्या भाषेत यासाठी एक घरगुती शब्द आहे: उसने. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी ती उसनी. ती चोरी नव्हे, भीक नव्हे आणि सावकाराचे कर्जही नव्हे. तिच्यावर व्याज नसते, पण ती विसरताही येत नाही. त्याच मापाने परत जावयाची असते. आणि भांडे परत करताना ते रिकामे देऊ नये, निदान चार दाणे तरी घालावेत, अशी आपल्या घरांची रीत. एका संस्कृतीने दुसरीकडून काही घ्यावे ते या रीतीने. हे माप लावून पाहिले म्हणजे थेम्स टाउनचा दोष कोठे आहे ते थोडे दिसू लागते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाईम रीजिस या गावातील एका पबच्या मालकिणीने २००६ मध्ये तक्रार केली होती की, आपली इमारत आणि शेजारचे तळलेल्या माशांचे दुकान न विचारताच येथे जसेच्या तसे उभे करण्यात आले आहे. तिची तक्रार मला क्षुल्लक वाटत नाही. तिच्या भिंती घेतल्या; पण त्या भिंतींच्या आत रोज संध्याकाळी जमणारी, एकमेकांची उणीदुणी जाणणारी, तरीही उद्या पुन्हा येणारी मंडळी काही घेता आली नाहीत. ती घेता येतच नाहीत. ती त्या त्या जागी काळाने पिकावी लागतात.

परंतु येथे इंग्रजाच्या बाजूने निवाडा देऊन मोकळे होता येत नाही. उसनवारीची वही उघडलीच आहे तर मागची पाने वाचावी लागतील. या खोट्या इंग्रज गावातील सर्वांत इंग्रज वस्तू कोणती? दुपारचा चहा. तो चीनचा. त्याची रोपे आणि त्याची विद्या मिळविण्यासाठी १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून यास धाडले, आणि तो चिनी वेष घालून मळ्यांतून हिंडला. तोवर त्या चहाची किंमत चुकविली जात होती ती अफूने. तिला अटकाव करताच युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले आणि पाच बंदरे उघडावी लागली, त्यांत शांघाय होते. नदीकाठच्या 'बंड'वर आजही दिसणारा तो खरा इंग्रजी देखावा, १९२७ च्या कस्टम हाउसच्या लंडनी धर्तीच्या घड्याळासकट, त्या युद्धाच्या पायावर उभा आहे. थेम्स टाउन निदान कोणाच्या तोफांनी वसविलेले नाही.

आणि ती अफू कोठली? बंगाल-बिहारची होती, तशी आमच्या माळव्याचीही होती. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखांत पिकलेली, इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांतून गेलेली, १८३० नंतर कंपनीला परवान्याची फी भरून मुंबईच्या बंदरातून चीनकडे निघालेली. ज्या युद्धाने शांघाय उघडले त्यात इंग्रजांच्या पलटणींतून लढणारे हिंदी शिपाईही होते. म्हणजे तळ्याकाठी उभा राहून मी जिला हसत होतो त्या वधूच्या पणज्या-खापरपणज्यांच्या घरांत माझ्या गावाचा माल कदाचित पोहोचला असेल. अफूच्या पेटीवर मात्र दोंग छीछांगच्या चित्रासारखी ओळ कोणी लिहिली नव्हती. आमच्याकडच्या शाळेतील इतिहासातही ती मला कधी भेटली नाही.

पराभव करणाऱ्याच्या घराची प्रतिमा उभारून तिच्यासमोर विवाहाचे छायाचित्र काढविणे हे विस्मरण आहे की क्षमा? भाच्याला मी तसे विचारले. तो म्हणाला, "त्यांना जागा सुंदर वाटते, इतकंच." हे उत्तर मला आधी उथळ वाटले, परतीच्या गाडीत ते तितके उथळ राहिले नाही. जिच्यावर अन्याय झाला त्या कुळातील मुलीने विसरावे, हा तिचा हक्क असू शकतो. तिला सतत आठवत राहावयास लावणे म्हणजे अन्याय दुसऱ्यांदा करणे. पण ज्यांच्या हातून, किंवा ज्यांच्या पेढीवरून, अन्याय झाला त्यांना तोच हक्क आहे असे मला म्हणवत नाही. उसने देणाऱ्याने खुशाल विसरावे. घेणाऱ्याने विसरले तर त्याला दुसरे नाव आहे.

निघण्यापूर्वी गल्लीच्या टोकाला एक वृद्धा दिसली. इंग्रजी धाटणीच्या लोखंडी कठड्यावर तिने पालेभाजीच्या जुड्या उन्हात वाळत घातल्या होत्या, आणि पायरीवर बसून ती उरलेल्या निवडीत होती. त्या सबंध गावात तेवढेच एक घर मला घर वाटले.

इंदूरला परतल्यावर एका सकाळी लालबागेवरून गेलो. फाटकाशी बसलेल्या रखवालदाराला विचारले, हे कशाचे फाटक? "विलायतच्या राणीच्या राजवाड्यासारखं आहे, साहेब," तो उत्साहाने म्हणाला. पूर्वी या गावात अफू कोठे तोलली जात असे, असेही मी त्याला विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. मलाही ठाऊक नव्हते, आणि साठ वर्षे मी याच गावात राहिलो आहे.