आहेर आणि दुपटे

बुलढाणा जिल्ह्यात मुलखाचे दोन भाग मानतात : घाटावरचा व घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तर घाटावर बुलढाणा-चिखलीकडे हिवाळ्याची थंडी अधिक. गोधडी मात्र दोन्हीकडे लागते, आणि दोन्हीकडे ती घरीच होत आली आहे. जुनी लुगडी धुऊन ओसरीवर अंथरायची, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे नीट बसवायचे, आणि कोपऱ्यांवर वजन ठेवून धावदोऱ्याने कडेकडून आत शिवत यायचे. तिचेच धाकटे भावंड म्हणजे तान्ह्या बाळाचे दुपटे. दोन हात लांब, तितकेच रुंद, मऊ सुती कापडाचे दोन-तीन पदर, बोटभर अंतराने टाके; शिवणाची सवय नसलेल्यालाही जमावे इतके सोपे. नवे कापड अंगाला टोचते, म्हणून जुनेच घ्यायचे. त्यात आजीच्या लुगड्याला पहिला मान. कारवारच्या बाजूला यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यांत कॅथलिकही आहेत, आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले तुकडे फुलांसारखे लावतात. ती फुले नसली तर गोधडी उघडीनागडी राहिली असे त्या मानतात. कोणाची ऊब त्या फुलांनी वाढत नाही.

आमच्यापुढे प्रश्न आहे तो असा : बाजारात तयार, रंगीत दुपटी ढिगाने मिळत असता बाप्तिस्म्याला घरी शिवलेले दुपटे दिले, तर अधिक काय दिले? पैसे वाचवले असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर काय?

आहेर ही आपल्याकडील जुनी, शिस्तशीर गोष्ट. कोणी काय दिले याची वही असते, आणि वेळ आली की तेवढ्याच मोलाचे परत जाते. टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस तर घडीही न मोडता लग्नामागून लग्ने हिंडत असतात. एखादा ब्लाऊजपीस आम्हांपेक्षा अधिक गावे पाहून आला असेल! यात वाईट काही नाही. ती व्यवहारातील सचोटी आहे, न्यायाचाच भाग आहे. पण संत थॉमस अक्वायनस अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतात की, परतफेडीचा हेतू न धरता जे दिले जाते तीच खरी देणगी. आणि सर्व देणग्यांच्या आधी दिली जाणारी देणगी म्हणजे प्रेम. या कसोटीला शिवलेली वस्तू एका साध्या कारणाने उतरते. मापाने बेतलेले झबले दुसऱ्या घरी फिरवता येत नाही. ते त्या एका बाळाचेच असते, आणि त्या बाळालाही ते थोड्याच महिन्यांत आखूड होते.

जुन्या करारात, शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, शिलो येथे देवाच्या सेवेला वाहिलेल्या आपल्या मुलासाठी हन्ना दरवर्षी एक लहान झगा करून नेत असे. एवढाच उल्लेख. परंतु तेथे जरा थांबावे. मूल वर्षभर डोळ्यांआड. मग माप कोठून घेतले? गावातील त्याच्या वयाच्या पोरांकडे पाहून, गेल्या वर्षीचा झगा आठवून, बाही किती वाढवावी याचा अंदाज करीत तिने कापड बेतले असणार. देणाऱ्याचा जो वाटा वस्तूत उतरतो तो हाच, असे आम्हांला वाटते : ज्याला द्यायचे तो किती काळ मनापुढे राहिला.

म्हणून यंत्रावर शिवले की प्रेम उणे झाले, हे आम्ही मानत नाही. गांधीजी यंत्रांचे कठोर टीकाकार. त्यांनीही १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते घडविले, असे त्यांचे म्हणणे. इतिहास निराळे सांगतो. १८५१ मध्ये पेटंट घेणाऱ्या सिंगरसाहेबांचे लक्ष धंद्यावर होते. असो. वाचलेल्या कष्टांचे मोल गांधीजींनी बरोबर ओळखले.

आम्हांला खरी काळजी वाटते ती दुसरीच. हातशिवणीचे गुणगान करता करता ते काम करणाऱ्या बाईची मजुरी आपण बुडवतो. हीच गोधडी एखाद्या गरजू शेजारणीकडून शिवून घेतली की 'कापड तर आमचेच, चिंध्याच तर आहेत' म्हणून घासाघीस सुरू होते. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडी पिशव्यांची तारीफ पुष्कळ झाली. पण एका पिशवीला कापणे, दुमडणे, शिवणे आणि दोन बंद लावणे इतकी कामे लागतात, हे दर ठरवताना किती जणांच्या ध्यानात राहिले? देणगी आपल्या श्रमाची द्यावी. दुसऱ्याच्या श्रमाला देणगी समजण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरातील आईने, सुनेने आयुष्यभर शिवले तेही प्रेमाच्या खाती मांडून मोकळे होण्याआधी, वाचकहो, तिला एकदा विचारलेले बरे.

यापोच्या टबीथाची हकीकत 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. टबीथाच्या तोंडचा एकही शब्द तेथे नोंदलेला नाही. त्या विधवांनी तिला कधी काही परत दिले होते का, याचीही नोंद नाही. वस्त्रे मात्र होती. बहुधा ती त्यांच्या अंगावरच असावीत.