नियम टाकीत, विवेक स्क्रूवर

योग्य वागण्याचे माप आधीच ठरलेले असते, की प्रत्येक प्रसंगी ते नव्याने शोधायचे असते, हा धर्मविचारातला जुना वाद आहे. व्रते आणि नेम सांगणारे पहिल्या बाजूला उभे राहतात, देश-काल-पात्र पाहा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. गीतेच्या सहाव्या अध्यायात खाणे, वावरणे, काम, झोप आणि जागरण या सगळ्यांना माप हवे असे म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी बोलणे आणि चालणेही त्या मापात आणले. पण किती, याचा आकडा कुठेच नाही. ॲरिस्टॉटलही तेच म्हणतो: दहा मापे अन्न फार झाले आणि दोन कमी पडले, म्हणून सहा सर्वांना पुरेसे ठरत नाही, मिलो या पहिलवानाची त्यात भूक भागणार नाही. यावरून आज अनेक जण असा निष्कर्ष काढतात, की विवेक असला म्हणजे नेमाची गरज उरत नाही. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. विवेकाला काम करता यावे म्हणून काहीतरी स्थिर धरून ठेवावे लागते, आणि ते धरून ठेवणे हेच नेमाचे काम आहे. ही गोष्ट लाकूड कापणाऱ्या चेनसॉच्या इंजिनात इतकी उघड दिसते, की तिथूनच ती समजून घेणे सोपे जाईल.

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. साखळीवर पडणारे ऑइल निराळे. इंजिनासाठी मात्र ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच क्रँककेसमधून जाताना बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला वंगण पुरवते. त्यामुळे इथे दोन मापे असतात. पहिले पेट्रोल आणि ऑइलचे: आजच्या बहुतेक यंत्रांना 50:1, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. दुसरे हवा आणि इंधनाचे, जे कार्ब्युरेटरच्या ‘एल’ आणि ‘एच’ या दोन स्क्रूंनी जुळवतात. पहिले माप डब्यावर छापलेले असते. दुसरे हवेवर, उंचीवर आणि इंजिनाच्या स्थितीवर ठरते. ही दोन मापे एकमेकांपासून सुटी आहेत असे वाटते, आणि चूक तिथेच होते. काळजीपोटी कोणी लिटरला 40 मिलिलिटर ऑइल घातले, तर कार्ब्युरेटरच्या जेटमधून इंधन आकारमानाने तेवढेच जाते, पण त्यातले पेट्रोल 98 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर येते. ऑइल वाढले म्हणून मिश्रण हवेच्या हिशेबात पातळ, म्हणजे ‘लीन’ झाले. लीन चालणारे इंजिन जास्त तापते. सुरक्षितता वाढवायला गेलेला माणूस एका जागी भर घालतो आणि दुसऱ्या जागी तूट निर्माण करतो. शिवाय जादा ऑइलची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये बसते ती वेगळीच.

हा फरक मोठा नाही, हे मान्य केले पाहिजे. ऑइलही काही प्रमाणात जळते, आणि जादा वंगणाचा थोडा आधारही मिळतो. अलिबागहून महाबळेश्वरला गेल्यावर हवा जवळपास बारा टक्क्यांनी विरळ होते आणि मिश्रण उलट दिशेला, ‘रिच’कडे झुकते, त्यापुढे हे दोन टक्के किरकोळच. पेट्रोलमधले वीस टक्के इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येते आणि मिश्रण पुन्हा लीन करते. पण इतकी कारणे एकाच वेळी हलत असतात, म्हणूनच त्यातले एक तरी आपल्या हाताने पक्के करावे लागते. जाणता मेकॅनिक आधी ताजे, मोजून मिसळलेले इंधन भरतो, एअर फिल्टर साफ करतो, इंजिन गरम होऊ देतो आणि मग स्क्रूला हात लावतो. दर वेळी अंदाजाने ऑइल ओतणारा आणि दर वेळी स्क्रूही फिरवणारा माणूस मोकळा वाटतो खरा, पण इंजिन का बिघडले हे त्याला कधीच कळू शकत नाही. त्याचा अनुभव वाढत नाही, नुसत्या खटपटी वाढतात. रोजच्या उपासनेची वेळ, ठरलेला उपास, उत्पन्नातला दानासाठी बाजूला काढलेला वाटा यांचे मोल मला इथे दिसते. त्या एका गोष्टीचा निर्णय रोज नव्याने घ्यायचा नसतो, म्हणून मनातला बदल तिच्यावर पडताळून पाहता येतो.

यावर कोणी म्हणेल, नियम तरी कुठे शाश्वत आहे? पूर्वी 25:1 हेच प्रमाण रूढ होते. खरे आहे, आणि जुन्या ऑइलला ते योग्यही होते. ऑइल सुधारले तेव्हा आकडा बदलला. कारणाने आणि सर्वांसाठी बदललेला नियम वेगळा, आज मनात आले म्हणून मोडलेला नियम वेगळा. स्मृती युगानुसार बदलतात हे आपल्याकडे मान्य होतेच. दुसरा आक्षेप असा, की नियमापेक्षा आतला अनुभव खरा. पण लीन केलेला चेनसॉ हवेत धरला की टोकदार, चपळ आवाज देतो आणि लाकडात गेल्यावर सीज होऊ शकतो. नीट जुळवलेला चेनसॉ रिकामा फिरताना किंचित अडखळत गुरगुरतो आणि लाकडात शिरला की त्याचा आवाज स्वच्छ होतो. ओझे नसताना जे छान वाटते त्यावर भरवसा ठेवू नये, हे सांगायला शिकलेला कान लागतो, आणि तो कान ठरावीक इंधनावरच तयार होतो.

माणूस यंत्र नाही. चेनसॉचा हेतू ठरलेला आहे, माणसाचा नाही, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तो मी नाकारत नाही. मात्र आपला हेतूच तपासू पाहणाऱ्यालाही तपासायला एक स्थिर जागा लागते, उलट त्यालाच ती अधिक लागते. राहिला प्रश्न नव्या चेनसॉंचा, ज्यांत स्क्रू फिरवण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रण स्वतःच करते. त्याने उंची, उष्णता आणि इंधनातला फरक बराच सांभाळला जातो. पण टाकीत ऑइल न मिसळता साधे पेट्रोल भरले, तर त्या नियंत्रणाकडे घालायला ऑइल नसते, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला धरतो.