उजेड कुणाचा?



वाकडच्या आमच्या खोलीत भांडण झालं. कारण एक चित्र. आबालाल रहिमान यांच्या एका निसर्गचित्राची छापील प्रत मी भिंतीवर चिकटवली. कोल्हापूरचं कोटीतीर्थ, काठावरची झाडं, पाण्यात उतरलेला उजेड. एक कार्यकर्ता दोस्त भडकला. "बाबासाहेबांच्या शेजारी हे झाडझुडूप कशाला? भरल्या पोटाचे चोचले सालं!"

त्याचा राग खोटा नव्हता. प्रस्थापितांनी झाड दाखवलं ते हिरवंगार. त्याखालच्या पारावर आमच्या बापाला बसू देत नव्हते, हे सांगितलं नाही. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. गाडीच्या वेळेची वाट बघत ते कामाठी बागेत बसून राहिले. तिथल्या झाडांनी जात विचारली नाही. विचारणारी माणसं होती. मग झाडावर राग का काढायचा?

आबालाल मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार झाले. महाराज १९२२ साली गेले, आबालाल १९३१ साली. दरबारचा माणूस, पण जीव रमला तळ्याकाठी. तोच काठ, तीच झाडं, ऊन मात्र दर वेळी निराळं. पान न् पान रेखत बसले नाहीत. रंगाच्या लहान लहान फटकाऱ्यांनी उजेड पकडला.

आमचं भांडण चालू असताना आई आली. रस्ते झाडण्यात तिची हयात गेली. तिने चित्राकडे लांबूनच बघितलं.

"सकाळचं ऊन हाय. सातच्या आतलं. पानं वली आसतील आजून, खराट्याला चिकटत्यात."

आम्ही दोघं गप्प.

हातात घड्याळ नसलेल्या माणसाला ऊन वाचावंच लागतं. कोवळं, चटक्याचं, कलतं. ज्याची हजेरी उन्हावर लागली, त्याला उजेड समजत नाही असं कोण म्हणतो? सौंदर्याला फुरसत लागते हे त्यांनी सांगितलं आणि आपण मुकाट मान्य केलं. माझं भांडण इथं आहे. आईला फुरसत कधीच नव्हती. तरी चित्रातली वेळ तिनेच सांगितली.

पण चित्रात झाडणारी बाई नाही. काठ स्वच्छ आहे, तो स्वच्छ करणारे हात नाहीत. ही उणीव मला सलते. तरीही चित्र मी उतरवणार नाही. वाकडला शेतं गेली, झाडं गेली, टॉवर आले. आमच्या खोलीत ऊन येतं ते दुपारी, तेही दोन इमारतींच्या फटीतून. सकाळचं ऊन सध्या त्या भिंतीवरच आहे.

दोस्त अजून भांडतोच. पण परवा आईला विचारत होता, "मावशी, दुसरं चित्र आणलं तर वेळ सांगशील का?"

"आण की. पर पानगळीच्या दिवसातलं नगं आणू बाबा."