सांगितलें म्हणजे सुटलें काय?

धोक्याची सूचना एकदां दिली, कीं पुढील अपघाताचा दोष सूचना देणारावर राहत नाहीं, अशी समजूत समाजांत रूढ आहे. ‘मीं तुला सांगितलें होतें’ हें वाक्य आईबाप मुलांना ऐकवितात, तसेंच मालक कामगाराला ऐकवितो. घरांतल्या वाक्यामागें काळजी असते. कारखान्यांतल्या वाक्यामागें पुष्कळदां सही घेतलेला कागद असतो. अलीकडे या कागदाची जागा ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊं लागला आहे. कामगार पडद्यावर चित्रें पाहतो, चार उत्तरांतून एक निवडतो, आणि शेवटीं त्याला प्रमाणपत्र मिळतें. असा अभ्यासक्रम कसा रचावा, हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असें आपण मानतों. परंतु त्याच्या तळाशीं एक नीतीचा प्रश्न आहे: मालक शिकवितो तो कामगार वांचावा म्हणून, कीं आपण सुटावें म्हणून?

आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यास हा प्रश्न परका नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमांनीं उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालीं झाला, आणि त्यानंतर जिल्ह्यांत ठिकठिकाणीं धुराडीं उभीं राहिलीं. बॉयलरचें अग्निप्रदीपन झालें, गव्हाणींत मोळी पडली, कीं यंत्रें महिनेच्या महिने रात्रंदिवस फिरत राहतात. हंगामापुरत्या आलेल्या माणसाला थोड्या वेळांत पुष्कळ शिकून घ्यावें लागतें. तेव्हां पडद्यावरच्या शिक्षणाची थट्टा करणें सोपें असलें, तरी तें न्यायाचें होणार नाहीं.

त्या शिक्षणाचा एक गुण तर खरोखर मोठा आहे. मळीची टाकी रिकामी केली तरी तींत विषारी वायु सांचलेला असूं शकतो, किंवा श्वासापुरता प्राणवायु उरलेला नसतो. साफसफाईसाठीं उतरलेला माणूस कोसळतो, आणि त्याला वांचविण्यासाठीं दुसरा धांव घेऊन तोही प्राणास मुकतो. बंद जागेंतील अपघातांत ही गोष्ट वारंवार घडत आली आहे. येथें माणसाला मारतो तो निष्काळजीपणा नसून त्याचा चांगुलपणा असतो. पडद्यावर हाच प्रसंग उभा करून ‘तुम्ही काय कराल?’ असें विचारलें, आणि ‘उतरेन’ म्हणणाराला त्याचा परिणाम तेथेंच दिसला, तर तो धडा शंभर फलकांहून अधिक टिकेल. चूक करूनही जिवंत राहण्याची मोकळीक तेथें मिळते. प्रत्यक्ष टाकींत ती मिळत नाहीं.

परंतु पुढें काय? न उतरतां बाहेरून ओढण्याचा दोर, वायु मोजण्याचें उपकरण व श्वासाचा मुखवटा टाकीपाशीं नसतील, तर त्या शिकलेल्या कामगाराच्या हातीं काय उरलें? आपला सोबती कोणत्या कारणानें मरत आहे, एवढें ज्ञान! सुरक्षाशास्त्राचा सर्वमान्य क्रम असा आहे, कीं प्रथम धोकाच नाहींसा करावा. तें न साधल्यास कमी धोक्याची वस्तु वापरावी. मग यंत्रास आडोसा घालावा. त्यानंतर नियम व शिक्षण. आणि सर्वांत शेवटीं हातमोजे, शिरस्त्राण इत्यादि साधनें. जें काम क्रमानें जवळजवळ शेवटचें, तेंच खर्चानें स्वस्त व पुराव्यास सोयीचें असल्यामुळें पहिलें होऊन बसतें. कायद्यानेंही हा क्रम ओळखला होता. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ सालीं, १९४८ च्या कारखाने-कायद्यांत कलम ७-अ घालण्यांत आलें. त्यांत मालकाचें कर्तव्य सांगतांना निर्धोक यंत्रें व निर्धोक कार्यपद्धति यांना पहिलें स्थान दिलें होतें. माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख यांचा उल्लेख मागाहून येत होता.

हा क्रम उलटला म्हणजे दोष कोठें जाऊन पडतो, हें सांगावयास नको. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं नगरच्या जिल्हा रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत आग लागून कोरोनाचे अकरा रुग्ण दगावले. कांहीं दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांना अटक झाली. त्यांच्या वर्तनाचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम आहे. तो येथें करावयाचा नाहीं. आपण पाहावयाचें तें इतकेंच, कीं संकटाच्या वेळीं जो सर्वांत जवळ उभा असतो, त्याच्याकडेच समाजाचें बोट आधीं वळतें. त्याच्या नांवाचें प्रमाणपत्र दप्तरांत असेल, तर तें बोट वळविणें आणखीच सोपें होतें.

म्हणून अशा अभ्यासक्रमास ‘संवादात्मक’ हें विशेषण लावतांना थोडा विचार केला पाहिजे. ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली, तें नेवासें याच जिल्ह्यांत आहे. ती ज्या गीतेवरची टीका, ती गीता संवाद ठरते, कारण अर्जुन नुसता ऐकत नाहीं. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभींच तो श्रीकृष्णाजवळ तक्रार करितो, कीं तुझ्या बोलण्यानें माझी बुद्धि गोंधळून गेली आहे. विचारणारा नेहमीं एकच आणि उत्तर देणाराही नेहमीं एकच, असें जेथें असतें, तिला उलटतपासणी म्हणावें. संवाद म्हणूं नये.

मग या अभ्यासक्रमाची रचना कशी असावी? तो कामगाराच्या भाषेंत असावा, कामाच्या वेळेंत व पगारी वेळेंत शिकविला जावा, हें तर खरेंच. परंतु त्याच्या शेवटीं एक प्रश्न असा असावा, कीं ज्याचें उत्तर अभ्यासक्रम रचणाराला आधीं ठाऊक नाहीं: ‘आपण जें शिकलांत, त्यांपैकीं काय आपल्या कामाच्या जागीं आज नाहीं?’ तें उत्तर सुरक्षा-समितीपुढें जावें, ठराविक मुदतींत त्याला लेखी उत्तर मिळावें, आणि तें मिळेपर्यंत मालकाचेंही प्रमाणपत्र अपुरें समजलें जावें. गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेनें दिला आहे. ज्या अभ्यासक्रमांत हा हक्क शिकविलेला नाहीं, त्यानें आपला अर्धा विषय वगळला असेंच म्हटलें पाहिजे.

यानें कामगार बेजबाबदार होईल, असा आक्षेप कोणी घेतील. अनुभव याच्या उलट आहे. ज्याच्या तक्रारीनें दोन दिवसांत यंत्राचें झांकण परत बसतें, तो तें झांकण पुन्हां स्वतः काढून ठेवीत नाहीं. ज्याची तक्रार वाऱ्यावर जाते, तो मात्र नियमही त्याच वाटेनें सोडून देतो. हंगामी वा कंत्राटी कामगाराला बोलण्याचें भय अधिक असतें, कारण उद्यांचें काम त्याच्या हातीं नसतें. त्याचें नांव गुप्त ठेवणें हा म्हणून रचनेचाच भाग झाला पाहिजे.

सावधगिरी शिकविणें पुण्याचें आहे, यांत शंका नाहीं. पण शिकविणाऱ्याचें कर्तव्य सांगण्यानें संपत नाहीं; जें सांगितलें तें करतां येईल अशी जागा निर्माण करणें त्याला चुकत नाहीं. कामगाराच्या उत्तरांना गुण अवश्य द्यावे. त्याच्या प्रश्नांना मात्र उत्तरें द्यावीं, आणि त्या परीक्षेस बसावयाचें तें मालकानें.