पितळेची आतली बाजू

वाचनासाठी : मत्तय 23:25-28, स्तोत्र 139:23-24



एखाद्याचे ढोंग उघडकीस आले म्हणजे ‘त्याचे पितळ उघडे पडले’ असे आपण म्हणतो. बिचारे पितळ! सोने असल्याचा दावा त्याने कधीच केलेला नसतो. मुलामा चढवणारा हात दुसऱ्याचाच असतो. आज आम्ही या पितळेचीच एक हकीकत सांगणार आहोत, आणि ती देव्हाऱ्यातल्या समईची किंवा माजघरातल्या घागरीची नसून बंदुकीच्या काडतुसाची आहे. काडतूस ही जीव घेणारी वस्तू, तिचे धर्मोपदेशात काय काम, असे कोणी विचारील. परंतु आपल्या प्रभूने रात्री येणाऱ्या चोराचा आणि अन्यायी कारभाऱ्याचाही दाखला दिला आहे. दाखला घेतला म्हणजे धंद्याला आशीर्वाद दिला असे होत नाही.

अमेरिकेत नेमबाजीचा व शिकारीचा छंद असणारे पुष्कळ लोक झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी फेकून देत नाहीत. गोळी गेली, दारू जळाली, तरी पुंगळी उरते, आणि काडतुसातला सर्वांत महाग भाग बहुधा तोच असतो. तिचे पितळ साधारण 70 भाग तांबे व 30 भाग जस्त यांचे. बार उडताना ते क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसून मोकळे होते. अशी पुंगळी नीट करून पुन्हा भरता येते, तीही एकदाच नव्हे, अनेकदा.

मात्र भरण्यापूर्वी ती साफ करावी लागते. त्यासाठी जे यंत्र वापरतात त्याला टंबलर म्हणतात. आपल्याकडे टंबलर म्हणजे पाणी पिण्याचा पेला. हा टंबलर म्हणजे विजेवर थरथरणारे भांडे किंवा फिरणारे पिंप. थरथरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचा भरडा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालतात, त्यात पुंगळ्या सोडतात आणि काही तास घुसळू देतात. पुंगळ्या बाहेरून झळझळीत होतात. परंतु आतली काजळी बरीचशी तशीच राहते, आणि बुडाशी जिथे ठिणगी देणारी टोपी बसवलेली असते ती खोबणही काळीच राहते.

दुसरी रीत ओली आहे. आधी जुनी टोपी ठोकून काढायची. मग पिंपात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, चिमूटभर लिंबाचे सत्त्व, आणि टाचणीपेक्षाही आखूड असे पोलादी तारेचे असंख्य तुकडे. पिंप फिरू लागले की हे तुकडे पुंगळीच्या तोंडातून आत शिरतात, खोबणीत शिरतात आणि काळे पाणी बाहेर येते. आपल्या आया-आज्या चिंच नि राख घेऊन पितळी तांब्या घासत, तेव्हा आत हात जाईना म्हणून तांब्यात वाळू व पाणी घालून खळखळवीत. रीत तीच, फक्त यंत्र नवे.

इथे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परूशी लोक वाटी बाहेरून घासत होते आणि आत लोभ नि असंयम भरलेला होता. प्रभूने त्यांना बाहेरचे घासू नका असे सांगितले नाही. आधी आतले घासा म्हणजे बाहेरचेही शुद्ध होईल, असा क्रम त्याने लावून दिला. आणि पाहा, काडतुसाची पुंगळीसुद्धा कारखान्यात प्रथम वाटीच असते. पितळेच्या चकतीची वाटी करतात आणि ती दाबून, ओढून लांब करीत नेतात.

आता जी गोष्ट आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली ती सांगतो. जाणते लोक म्हणतात की, चकाकी हा घासण्याचा खरा हेतूच नव्हे. काळसर पण स्वच्छ पुंगळीही तितकेच काम करते. घासायचे ते एक तर मातीच्या कणांनी पुढचे साचे ओरखडू नयेत म्हणून, आणि दुसरे, पुंगळीला कुठे चीर गेली आहे की काय ते दिसावे म्हणून. घासल्याने चीर बुजत नाही, ती दिसते. काही दोष तर घासूनही दिसत नाहीत. वारंवार ताणली गेलेली पुंगळी बुडाच्या जरा वर आतून पातळ होते, बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग एक बारीक तार टोकाशी वाकवून आत घालतात आणि भिंतीवरून हळूच वर ओढतात. तार अडखळली की समजायचे, ही पुंगळी पुन्हा भरायची नाही. भरली तर बंदूक हाती धरणाऱ्याच्या तोंडाशी फुटू शकते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता देवाला आपले अंतःकरण पारखून पाहण्याची विनंती करतो, तेव्हा तो चकाकी मागत नाही. अशी अडखळणारी तार मागतो.

ह्या पितळेच्या चिरांशी आपल्या देशाचाही संबंध आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे तर न झाडलेल्या, नव्याकोऱ्या काडतुसांच्या पितळेला चिरा गेलेल्या! ना लढाई, ना धक्का. कारण पुष्कळ काळ कळेना. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश शोधकांनी त्याचा उलगडा केला. पागेतल्या मूत्रापासून हवेत अमोनिया उठत होता. (कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकात झोंबणारा वास येतो, तो ह्याचाच.) परंतु नुसत्या अमोनियाने हे घडत नाही. पितळ थंडपणी दाबून ओढताना त्यात जो ताण कोंडून राहतो, तो आणि पागेची दमट हवा, ही दोन्ही एकत्र आली की चीर पडते. म्हणूनच आजही जाणता माणूस पुंगळ्यांना अमोनिया असलेले पॉलिश लावत नाही. झिलई येते खरी, पण तीच पितळ पोखरू शकते. आणि ताणावर उपाय काय? मंद आच. पितळ वितळणार नाही, मऊही पडणार नाही, आकार बदलणार नाही, इतपतच ऊब दिली की कोंडलेला ताण निवळतो. त्याने चकाकी काडीभरही वाढत नाही.

आम्ही हे लिहीत असता आमच्या मंडळीतले एक वडील गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. त्यांचे नाव सांगणार नाही. पुढच्या बाकावर बसणारे, शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षे मोठ्या मुलांचा वर्ग घेणारे, प्रभुभोजनाच्या रविवारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ताट घेऊन फिरणारे. उपासना संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना आम्ही दर वेळी त्यांची स्तुती केली. एका पावसाळ्यात ते येईनासे झाले. भेटीस गेलो तेव्हा कळले की सख्ख्या भावाशी घराच्या वाटणीवरून अकरा वर्षे अबोला होता. भाऊ त्याच गावात, दुसऱ्या मंडळीत जाणारा. त्या महिन्यात भावाच्या घरी मयत झाली, हे गेले नाहीत, आणि त्या दिवसापासून हातात ताट धरवेना. ‘‘पाळकसाहेब, अकरा वर्षांत मला कोणी एकदाही विचारलं नाही,’’ एवढेच ते म्हणाले. आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्याला कोणी धक्का लावला नव्हता, तो माणूस आपल्याच पागेत उभा असता चिरला होता, आणि आम्ही त्याला वर्षानुवर्षे पॉलिश करीत होतो.

त्यानंतर आठ-नऊ महिने आम्ही त्यांच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी जात होतो. उपदेश फारसा केला नाही. चहा, थोडे शास्त्रवाचन, पुष्कळ ऐकणे. मंडळीत कुजबुज झाली. त्यांना लगेच कामावर घ्या, असे काहींचे म्हणणे. कायमचे काढून टाका, असे काहींचे. दोन्ही म्हणणी आम्हांला चुकीची वाटली. चीर गेलेली पुंगळी पुन्हा भरणे धोक्याचे, हे खरे. परंतु भंगारात गेलेले पितळही कोणी मातीत टाकत नाही. ते मुशीत जाते आणि त्याचे पितळच होते. मूस कोणाच्या हाती आहे हे मलाखी संदेष्ट्याने सांगितले आहे. तो रूपे शुद्ध करणारा होऊन स्वतः तिच्याशी बसतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती. तुमच्या वर्गातही वचने बिनचूक म्हणणारा, नेहमी स्वच्छ कपड्यांत येणारा एखादा मुलगा असेल. बक्षिसे त्यालाच मिळतात. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्याला पाच मिनिटे थांबवून घरी सर्व ठीक आहे ना, एवढे विचारा. आणि मग आपण बोलू नका.

ते वडील गृहस्थ हल्ली मागच्या बाकावर बसतात. ताट त्यांनी अजून हाती घेतलेले नाही, आम्हीही सुचवलेले नाही. गेल्या नाताळच्या उपासनेला त्यांचा भाऊ आमच्या मंदिरात आला होता. दोघे एका बाकावर बसले नाहीत. पण बाहेर पडताना पाऊस भुरभुरत होता, आणि छत्री एकच होती.