चौथा गडी

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, मुलाला मूल झालं की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. अरण्यात आज कुणी जात नाही, पण त्या सांगण्याचा अर्धा भाग घरोघरी पाळला जातो. म्हाताऱ्या माणसाने शांत बसावं, देवाचं नाव घ्यावं आणि खेळायचंच असेल तर नातवंडांना खेळवावं. नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वरकडे शेतांचे ले-आऊट पडले आणि ठिकठिकाणच्या माणसांनी प्लॉट घेऊन घरं बांधली. अशा वस्तीत लहानपणीचा सोबती शेजारी नसतो. मुलं नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेली की ‘शांत बसणं’ म्हणजे दिवसभर कुणाशी न बोलणं ठरतं. म्हणून विचारावं लागतं, की उतारवयात मैदानावर जाणं, नवे सोबती जोडणं हे वैराग्याच्या आड येतं का? माझ्या मते येत नाही. वानप्रस्थाला जे साधायचं होतं, ते आज अरण्यापेक्षा मैदानावर अधिक साधतं.

याला विरोध करणारी वचनं शास्त्रातच आहेत, आणि ती डावलून चालणार नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना एकांताची आवड आणि गर्दीत मन न रमणं यांचा उल्लेख आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात तर बुद्ध ज्या खेळांपासून दूर राहतात त्यांची लांबलचक यादीच आहे, सोंगट्यांपासून चेंडूपर्यंत. पण ती शिस्त घर सोडलेल्या भिक्खूची आहे, पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाची नव्हे. शिवाय त्याच परंपरेत बुद्धांचा शिष्य आनंद जेव्हा म्हणतो की चांगली मैत्री हे निम्मं ब्रह्मचर्य, म्हणजे निम्मं साधनेचं जीवन आहे, तेव्हा बुद्ध त्याला दुरुस्त करतात आणि ती संपूर्ण ब्रह्मचर्य आहे असं सांगतात. 1956 साली ज्या शहरात दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला, त्या शहराला कल्याणमित्राचं महत्त्व नव्याने सांगायला नको. गीतेनेही दहाव्या अध्यायात भक्त एकमेकांना बोध करत आनंदात राहतात असं म्हटलं आहेच. एकांत ही निवडलेली साधना आहे. एकटेपण माणसावर लादलं जातं, आणि लादलेल्या गोष्टीला वैराग्य म्हणणं ही आपण वृद्धांची केलेली फसवणूक आहे.

आता पुराव्याकडे वळू. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार माणसांवर पंचवीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरी 9.7 वर्षं जास्त जगले, बॅडमिंटन खेळणारे 6.2 वर्षं, एकट्याने धावणारे 3.2 वर्षं आणि जिममध्ये जाणारे अवघं दीड वर्ष. यावर आक्षेप रास्त आहे. टेनिस खेळणारा मुळातच सुखवस्तू आणि धडधाकट असू शकतो, आणि हा कार्यकारणाचा पुरावा नाही हे संशोधकांनीही मान्य केलं आहे. तरीही समोर दुसरं माणूस लागणारे खेळ यादीत वर यावेत, ही गोष्ट विचार करायला लावते. 2010 मध्ये 148 अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यातही घट्ट सामाजिक नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता दीडपट दिसली. मला यामागचं कारण आरोग्यशास्त्रापेक्षा नीतिशास्त्रात दिसतं. म्हातारपणी माणूस सतत घेणारा होतो. औषध, आधार, वेळ, सगळं दुसऱ्याकडून. कॅरमच्या डावात किंवा बॅडमिंटनच्या दुहेरीत मात्र तीन माणसं चौथ्या गड्याची वाट बघत असतात. तो आला नाही तर डाव अडतो. कुणाला तरी आपली गरज आहे, ही जाणीव कितीही चांगल्या सुनेच्या सेवेतून मिळत नाही.

आणि अहंकाराचं काय? हरल्यावर रुसणारे, गुणांवरून भांडणारे म्हातारे असतातच. पण निवृत्त साहेबाचं साहेबपण घरात वर्षानुवर्षं टिकतं. सर्व्हिस जाळीत अडकली की मैदानावर ते एका सकाळीत गळतं. हातून पद सुटणं आणि रोज थोडं हरता येणं, हेच तर वानप्रस्थाचं काम होतं. वारकऱ्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं. तुकोबा आणि एकनाथांनी फुगडी, हुतुतू, चेंडू यांवर रचना केल्या. आजही पालखीच्या वाटेवर सत्तरीच्या बायका फुगडी घालतात आणि त्यांना कुणी वय विचारत नाही. ब्रह्मसूत्रात जगाच्या निर्मितीमागे कुठलाही हेतू न मानता तिला लीला, म्हणजे निव्वळ खेळ म्हटलं आहे. म्हणूनच आयुष्य वाढावं एवढ्यासाठी खेळणाऱ्याला मी अर्धाच खेळाडू मानतो. वर्षं वाढली तर वाढोत, पण खेळायचं ते खेळासाठी आणि समोरच्या माणसासाठी.

एक अडचण मात्र तत्त्वज्ञानाने सुटणारी नाही. घरातल्या आजोबांना सकाळी सहाला बाहेर पडता येतं. त्या वेळी आजी डब्याच्या आणि नातवाच्या शाळेच्या गडबडीत असते, आणि मे महिन्यात नागपुरात आठनंतर बाहेर खेळण्याची सोय उरत नाही. वारीत तिला मोकळीक आहे, मग ले-आऊटमध्ये का नसावी? हुडकेश्वरच्या आणि अशा प्रत्येक वस्तीच्या रहिवाशांना माझी विनंती आहे: सार्वजनिक वापरासाठी सोडलेल्या जागेवर गाड्या उभ्या करू नका, तिथे जाळी बांधा, दिवा लावा, आणि घरातल्या आजीला रोज संध्याकाळी एक तास मोकळा करून द्या.