भार कोणी वाहावा?

यंत्राने माणसाचे श्रम वाचविले, असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की त्यातला एक महत्त्वाचा प्रश्न नजरेआड होतो. कोणाचे श्रम वाचले? श्रम पुष्कळदा नाहीसे होत नाहीत. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातात. पिठाच्या गिरणीने जात्यावर बसणाऱ्या बाईचे श्रम खरोखरच कमी केले. परंतु एखाद्या दुकानदाराने घरपोच माल देण्याचे बंद केले आणि त्याला ‘स्वतः निवडा, स्वतः न्या’ असे गोंडस नाव दिले, तर तेथे श्रम वाचले असे म्हणता येत नाही. ते गिऱ्हाइकाच्या पदरात पडलेले असतात. दोन्ही ठिकाणी सोय झालीच. पण ती कोणाची झाली हे सांगितल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. हाच भेद संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पानांना लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय तांत्रिक वाटेल खरा. पण त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तेव्हाचे पान हे मुळात वाचावयाचे पान होते. वाचकाने दुवा दाबावा, दूरच्या सर्व्हरकडे मागणी जावी आणि तेथून नवे पान तयार होऊन यावे, अशी ती रीत. सारा स्वयंपाक यजमानाच्या घरी होई. पाहुण्याने फक्त पानावर बसायचे. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या भाषेचे पहिले रूप सिद्ध केले, आणि पाहुण्याच्या घरीही चूल पेटविण्याची सोय झाली. पानाबरोबर काही आज्ञा पाठवावयाच्या आणि त्या वाचकाच्याच यंत्राने पार पाडावयाच्या, असा हा प्रकार. आरंभी ही कामे लहानसहान होती. अर्जात पिनकोडाचे पाचच आकडे लिहिले तर सहावा राहिला आहे, असे तेथल्या तेथे सांगावे; एवढ्यासाठी सर्व्हरपर्यंत खेप घालण्याचे कारण पडू नये. पुढे २००६ मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली, २०१० मध्ये गूगलचे अँग्युलर, २०१३ मध्ये फेसबुकचे रिअ‍ॅक्ट, २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू. या तयार चौकटींना फ्रेमवर्क म्हणतात. त्यांच्यामुळे पानाला हालचाल देणे सोपे झाले. इतके सोपे की आज पुष्कळ ठिकाणी सर्व्हर पान पाठवीतच नाही. तो एक रिकामे ताट आणि पोतेभर शिधा पाठवितो. शिजविणे वाचकाच्या मोबाइलने करावयाचे असते.

आता हे काम करणारी माणसे कोठे असतात, ते पाहू. नागपूरच्या दक्षिण भागात, वर्धा रस्त्यालगतच्या रेल्वेमार्गापलीकडे, मनीषनगर ही वस्ती आहे. एके काळी शहराची कड म्हणता येईल असा हा भाग. आता बेसा-घोगलीपर्यंत इमारतींची रांग लागली आहे. मिहानमधील संगणक कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी या बाजूला राहतात. घरी बसून पुण्याचे किंवा परदेशाचे काम करणारेही आहेत. समजा, यांपैकी एका मुलीकडे शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान करण्याचे काम आले आहे. तिच्यापुढे उत्तम संगणक आहे आणि घरात वेगवान इंटरनेट आहे. तिने पान उघडले की ते क्षणार्धात हजर होते. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी आपोआप बदलते, रक्कम भरली की बेरीज आपोआप होते. तिला समाधान वाटते, आणि ते रास्तच आहे. तेच पान मेळघाटातल्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या जुन्या मोबाइलवर उघडले. शिध्याचे पोते वाटेतच अडकले, किंवा पोचले तरी त्या दुबळ्या यंत्राला ते पेलवले नाही. त्याच्यापुढे पांढरा पडदा राहिला. मनीषनगरातल्या मुलीला हे कळणार नाही. तिच्या संगणकावर ते पान सुरेख चालते आहे.

येथे त्या मुलीची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. पूर्वी पानातला प्रत्येक भाग हाताने बदलावा लागे. टोपलीत तीन वस्तू, वर आकडा दोनचा आणि खाली पैसे चारांचे, अशी गफलत नेहमी व्हायची. रिअ‍ॅक्टसारख्या फ्रेमवर्कने एक शिस्त आणली: माहिती एके ठिकाणी ठेवा, आणि पडदा हे त्या माहितीचेच चित्र असू द्या, माहिती बदलली की चित्र बदलेल. आत एक आणि बाहेर दुसरे असे होऊ नये, ही अपेक्षा नीतीतही काही वेगळी नसते. शिवाय वाचकाच्या यंत्राकडे काम सोपविण्याने वाचकाचाही लाभ होतो. इंग्रजी अक्षरे दाबून देवनागरी लिहिता येते, नकाशा बोटाने सरकविता येतो, अर्ध्यावर राहिलेला अर्ज वीज गेली तरी यंत्रात शिल्लक राहू शकतो. हे सारे टाकून देऊन १९९१ च्या पानाकडे परत चला, असे म्हणणे म्हणजे गिरणी बंद करून पुन्हा जाते मांडण्यासारखे होईल.

मग विवेक कोठे करावयाचा? मनीषनगराच्या कडेने जाणारे रूळ पुढे सेवाग्रामला जातात, हा भूगोलाचा योगायोग. पण येथे गांधीजींची आठवण होणे स्वाभाविक आहे. यंत्राला त्यांचा सरसकट विरोध होता असा समज आहे. वस्तुतः १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राचा अपवाद मोकळेपणाने मान्य केला होता. त्या यंत्राच्या मुळाशी त्यांना प्रेम दिसले: आपल्या बायकोचे शिवणाचे कष्ट कमी व्हावेत, ही इच्छा. या कथेची ऐतिहासिक छाननी येथे करावयाची नाही. त्यातली कसोटी महत्त्वाची आहे. यंत्र लहान की मोठे, जुने की नवे, हे त्या कसोटीला गौण आहे. ते कोणाच्या कष्टाकडे पाहून केले, एवढेच ती विचारते. पिनकोडाचा राहिलेला आकडा तत्काळ दाखविणारी आज्ञा वाचकाच्या कष्टाकडे पाहून लिहिलेली असते. परंतु दोन परिच्छेदांची साधी सूचना दाखविण्यासाठी वाचकाच्या मोबाइलवर भलेमोठे फ्रेमवर्क उतरविले जाते, तेव्हा कोणाचे कष्ट वाचतात? बहुधा करणाऱ्याचे, कारण त्याला तेवढीच एक पद्धत अंगवळणी पडलेली असते. डेटा, बॅटरी आणि वेळ मात्र वाचकाचा जातो. आणि ही वर्गणी देण्याविषयी त्याला कोणी विचारलेले नसते.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. पडद्यावरचे बटन हे एक वचन असते. ‘मला दाबा, म्हणजे अर्ज जाईल,’ असे ते न बोलता सांगते. अलीकडे फ्रेमवर्कवाल्यांनी पांढऱ्या पडद्यावर एक उपाय काढला: सर्व्हरनेच पान रंगवून आधी पाठवावयाचे, आणि आज्ञांचा संच मागाहून पोचला की त्या चित्रात प्राण घालावयाचा. या क्रियेला ते हायड्रेशन म्हणतात, जणू सुकलेल्या रोपाला पाणी घालणे. उपाय चांगला आहे. पण मधल्या काळात बटन दिसते आणि दाबले तर काहीच होत नाही. वेगवान यंत्रावर हा काळ डोळ्याच्या पात्याएवढा, मंद यंत्रावर मात्र पुष्कळ सेकंदांचा. माणूस दाबतो, पुन्हा दाबतो, थांबतो. दुसरा प्रकार अंध वाचकाच्या वाट्याला येतो. एचटीएमएलमध्ये बटन या नावाचाच एक घटक आहे. तो वापरला तर पडदा वाचून दाखविणारी प्रणाली ‘बटन’ असे स्पष्ट सांगते आणि कळफलकावरूनही ते दाबता येते. त्याऐवजी एक साधा चौकोन काढून, रंगवून, त्याला माउसची आज्ञा चिकटविली तर डोळसाला दोन्ही सारखेच दिसतात. अंध माणसाला मात्र तेथे बटन आहे हे कळतच नाही. दोहोंत अंतर एका शब्दाचे. तो शब्द बरोबर लिहिण्याला अधिक बुद्धी लागत नाही. समोर कोण आहे याची आठवण लागते.

ही आठवण ठेवण्याची एक रीत स्टीव्हन चँपियन यांनी २००३ मध्ये मांडली. तिचे तत्त्व असे की आधी मजकूर आणि अर्ज अशा रीतीने रचावा की तो कोणत्याही ब्राउझरमध्ये चालेल. त्यावर सजावट चढवावी. आणि हालचाल सर्वांत वर असावी. वरचा थर निखळला तरी खालचा उभा राहावा. नागपूरकरांना याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. मनीषनगराशेजारच्या वर्धा रस्त्यावर ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली रचना उभी आहे: जमिनीवर रस्ता, त्यावर २०२० मध्ये खुला झालेला उड्डाणपूल, आणि त्याच खांबांवर सर्वांत वर मेट्रो. मेट्रो थांबली तर माणूस पुलावरून जातो. पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तर खालचा रस्ता असतो. खालून जाणाऱ्या सायकलस्वाराला वरच्या गाडीचा वेग मिळत नाही, हे खरे. पण त्याला घरी पोचता येते. वर मेट्रो बांधली म्हणून खालचा रस्ता उखडून टाकावा, असे कोणी सुचविले तर आपण त्याला वेड्यात काढू. वेबवर मात्र हे रोज घडते, आणि त्याला आधुनिकता म्हणतात.

यावर एक व्यवहारी उत्तर मिळते: असे वाचक किती? फार तर शेकडा एक. योगायोगाने या प्रश्नाचे मोजलेले उत्तर उपलब्ध आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने आपल्या संकेतस्थळावर अशी मोजणी केली. जावास्क्रिप्टचा लाभ न मिळालेले १.१ टक्के निघाले, म्हणजे दर ९३ माणसांत एक. त्यात जावास्क्रिप्ट बंद ठेवलेले किंवा ती मुळात नसलेले ब्राउझर वापरणारे केवळ ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ती असूनही चालली नाही. याचा अर्थ ‘असे वाचक’ ही कोणती निराळी जात नव्हे. बोगद्यातून गाडी जात असेल, जोडणी मध्येच तुटली असेल, तर आज आपण त्यात असू आणि उद्या नसू. शिवाय शेकडा एक ही संख्या लहान की मोठी, हे कशाची संख्या आहे यावर अवलंबून असते. शंभरांतल्या एकाला चित्रपटाची जाहिरात दिसली नाही, तर काही बिघडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असेल, तर बिघडते.

आणि आता प्रश्न केवळ सौजन्याचा उरलेला नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सातबारा, दाखले, प्रवेश यांच्या वाटा बव्हंशी पडद्यावरूनच जातात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंध व्यक्ती आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती यांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कायद्याचा हात चौकोन आणि बटन यांतल्या एका शब्दापर्यंत क्वचितच पोचतो. तेथे पान करणारा आणि त्याचा विवेक, एवढेच दोघे असतात. वरिष्ठांना मुदतीची घाई असते, तपासणारा स्वतःच्या नव्या मोबाइलवर तपासतो, आणि बिल मंजूर होते. जे पान मेळघाटात उघडले नाही त्याची नोंदही पुष्कळदा कोठे होत नाही. कारण ती नोंद करणारी आज्ञाही त्याच न पोचलेल्या पोत्यात असते.

या साऱ्यात जी हानी होते ती डेटाची किंवा वेळेची एवढीच असती, तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. सरकारी कचेरीची खिडकी बंद असली तर माणूस निदान खिडकीवर चिडतो; बंद करणारा कोण हे त्याला दिसते. पडद्यावरचे बटन चालले नाही तर तो स्वतःवर चिडतो. ‘आपला मोबाइल वाईट’, ‘आपल्यालाच हे जमत नाही’, ‘शिकलेल्या मुलाला विचारायला हवे’, असे म्हणून तो पडदा बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन कोणाकडून तरी अर्ज भरून घेतो. करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी खांदा बदलला, आणि भाराबरोबर दोषही त्या दुसऱ्या खांद्यावर गेला. आपण अडाणी आहोत अशी खोटी समजूत एका माणसाच्या मनात रुजली. ती पेरणाऱ्याला पेरल्याचे ठाऊकही नसते, आणि ज्याच्या मनात ती रुजली त्याला तक्रार कोणाकडे करावी हे माहीत नसते. म्हणून ती तक्रार पान करणाऱ्याने स्वतःच, न ऐकताच, ऐकावयाची आहे: काम हातावेगळे करण्यापूर्वी एकदा जावास्क्रिप्ट बंद करून, एकदा माउस बाजूला ठेवून आणि एकदा घरातला सर्वांत जुना मोबाइल घेऊन आपलेच पान उघडून पाहावे. यात पाऊण तास जाईल. तो भार मात्र त्याचा स्वतःचा आहे.